आज नळ आले का, बाबा?

उज्जैनहून पुण्याला, बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला लागणाऱ्या फोनवर वडील साधारण हेच सांगतात. आज नळ आले नाहीत. दूधवाला गावी गेलाय, पिशवीचं दूध आणलं. वर्षाचे गहू भरून झाले, यंदाही लोकवनच घेतले. समोरच्यांनी गच्चीवर पत्रे टाकले. गंभीर धरणात पाणी चढतंय. चार-पाच मिनिटांत बातम्या संपतात, मुलगा "बरं, काळजी घ्या" म्हणतो आणि फोन ठेवताना त्याला वाटतं, आज विशेष काही नव्हतं.

हा लेख त्या मुलासाठी आहे. मुलींसाठीही आहेच, पण मुली या बातम्या नीट ऐकण्याचं काम बहुतेक घरांत आधीपासून करत आल्या आहेत. अडतं ते बाप-लेकाचं. वय झालेल्या माणसाची तब्येत, पैशाची चिंता, घरातले धोके, दिवस कसा जातोय, हे सगळं त्या नळ-दुधाच्या बोलण्यातून कळतं. "तब्येत कशी आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "एकदम बढिया." "नळ आले का?" विचारलं की खरं उत्तर मिळतं.

बऱ्याच घरांत ही बातमीदारी आईकडे होती. वडील फोन उचलायचे, "पोचलास ना? पैसे आहेत ना?" एवढं विचारून "घे, आईशी बोल" म्हणत रिसीव्हर पुढे करायचे. कुणाचं लग्न जमलं, बाईने किती दांड्या मारल्या, कुरडयांचा चीक जमला की बिघडला, हे आई सांगायची. वडील शेजारी बसून मधूनच दुरुस्ती करायचे, "अगं मंगळवारी नाही, बुधवारी." आई गेली की हे काम एकदम वडिलांच्या अंगावर येतं. ज्यांनी आयुष्यभर मुलाशी निकाल, नोकरी आणि पैसे यांपलीकडे फारसं बोलणं केलं नाही, ते सत्तरीनंतर नव्याने घरगुती बोलायला शिकत असतात. दुधाचा भाव सांगतात, थांबतात, पुढचं सुचत नाही, मग "आणखी काय" असं दोनदा म्हणतात. या "आणखी काय"पाशी फोन ठेवू नका. या लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. तिथे तुम्ही एक साधा प्रश्न विचारलात, तर पुढची दहा मिनिटं ते आपण होऊन बोलतात आणि महत्त्वाचं बहुधा त्या दहा मिनिटांत येतं.

मुलं बाहेर जाणं उज्जैनच्या मराठी घरांना काही नवं नाही. शिंद्यांबरोबर ही घरं माळव्यात आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तरी बरीच इथेच राहिली. पुढे नोकरीसाठी पांगापांग होतच गेली. मुक्तिबोधांचं घर पाहा. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. थोरले गजानन माधव हिंदीतले एवढे मोठे कवी, ते उज्जैन सोडून नागपूरला आणि १९५८ मध्ये राजनांदगावला गेले. धाकटे शरच्चंद्र नागपूरला राहून मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. त्या पिढीत घरची खबर टपालाने जायची. "इकडील सर्व क्षेम" झालं की पाऊस, धान्याचे भाव, कोण आजारी, कोणाची सोयरीक हे ठरलेल्या क्रमाने यायचं आणि अंतर्देशीय पत्राच्या कडेची जागा आईसाठी सोडलेली असायची. ते पत्र पुन्हा वाचता यायचं, मागच्या महिन्याच्या पत्राशी ताडून बघता यायचं. फोनवरचं बोलणं हवेत जातं. म्हणून ऐकणाऱ्याने जास्त सावध असावं लागतं.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. तो त्यांच्याच बातमीतून निघाला पाहिजे. बातमी मध्येच तोडून "ते जाऊ द्या, गोळ्या घेतल्या का?" असं विचारलं की माणूस गप्प होतो, आपण हजेरी देतोय असं त्याला वाटतं. हे संभाषण पाहा :

"आज नळ नाही आले."

"मग पाण्याचं कसं केलं?"

"कालचं होतं ना भरलेलं. अन् टाकी पाहून आलो, अर्धी आहे."

"वर तुम्ही गेलात?"

"मग कोण जाणार? शिडी लावली, झाकण काढलं, पाहिलं. दोन मिनिटांचं काम."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस गच्चीवर शिडी लावून टाकीत डोकावतो आहे, हे "नळ नाही आले" या एका बातमीत दडलेलं होतं. आता "तुम्ही वर जायचं नाही" असा हुकूम सोडून उपयोग नाही. ते पुन्हा जातील आणि या वेळी सांगणार नाहीत. टाकी भरली किंवा रिकामी झाली की आवाज करणारा छोटा अलार्म विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. प्लंबरला किंवा वायरमनला फोन करून तो बसवून घ्या आणि पुढच्या फोनमध्ये "अलार्म वाजतो का नीट?" हे विचारा. काळजी अशी कामातून पोचली की वडिलांना ती जाच वाटत नाही.

त्यांच्या बातम्यांचा संदर्भही आपल्याला ठाऊक हवा. उज्जैनला पिण्याचं पाणी मुख्यतः गंभीर धरणातून येतं. धरणाची क्षमता २२५० दशलक्ष घनफूट, आणि तिथला म्हातारा माणूस "गंभीर सतराशेवर आलं" म्हणतो ते या हिशोबाने. पाऊस लांबला किंवा उन्हाळा तापला की शहरात एक दिवसाआड पाणी सुटतं, आणि मग घरातला दिवस त्या नळाभोवती आखला जातो : कधी उठायचं, कपडे कधी भिजवायचे, फिरायला जायचं की नाही. पावसाळ्यात बडनगर रस्त्यावरचा छोटा पूल पाण्याखाली गेला, रामघाटावरची देवळं बुडाली, ही त्यांच्या लेखी मोठी खबर असते. तुम्ही सकाळी बातम्यांत क्षिप्रेचं नाव वाचलंत तर आधी तुम्हीच विचारा, "पूल बुडाला का?" आपल्या गावाचं मुलाच्या ध्यानात आहे, याचा आनंद त्यांच्या आवाजात लगेच कळेल.

महाकालाच्या सवारीचंही तसंच. उत्तरेकडच्या पंचांगात श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. उज्जैनला सवारी तेव्हापासून दर सोमवारी निघते आणि तिकडचा भाद्रपद लागल्यावरही, म्हणजे आपला श्रावण चालू असेपर्यंत, निघत राहते; शिंदेशाहीतल्या मराठी वळणाचा हा ठसा मानला जातो. घरात लाला रामस्वरूपचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी कालनिर्णय अशी दोन्ही टांगलेली असतात ती यासाठीच. वडील "आज तिसरी सवारी, गोपाळ मंदिरापाशी फार गर्दी" असं सांगतात, तेव्हा ते स्वतः गेले होते की टीव्हीवर पाहिली, हे जरूर विचारा. दरवर्षी जाणारा माणूस यंदा गेला नसेल तर कारण गर्दीचं आहे, गुडघ्याचं आहे की सोबत जाणारा मित्र आता राहिला नाही, हे त्या उत्तरात येतं.

वेळ पक्की ठेवा. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड, पण ठरलेल्या वेळी. वाट पाहण्याला वेळ असली की दिवसाला आकार येतो; ते मनात बातम्या जमवून ठेवतात. सकाळचा नळ, दूध, पेपर उरकल्यावरची किंवा संध्याकाळच्या आरतीनंतरची वेळ चांगली. परदेशातल्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात, आणि इथे वडील एक तास फोनकडे बघत बसतात. आठवडाभर आधी सांगा, आणि त्यांच्याकडून कॅलेंडरवर लिहून घ्या.

गाडी चालवता चालवता स्पीकरवर बोलू नका. उतारवयात आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ, ट यांसारखी व्यंजनं निसटतात आणि शब्द ऐकू आला तरी उलगडत नाही. ओरडून बोलल्याने ते सुधारत नाही. शांत जागी, सावकाश, एकेक वाक्य पूर्ण करत बोला. व्हिडिओवर चेहरा उजेडात ठेवा, ओठ दिसले की अर्धं कळतं. वडील सारखं "हो, हो" म्हणत असतील आणि उत्तर भलतंच येत असेल, तर त्यांचं लक्ष नाही असं समजू नका. कान तपासून घ्या.

आणि तुमची बातमीही द्या. बहुतेक मुलं इथे कमी पडतात. "काम चालू आहे, बिझी आहे" याच्यावर वडिलांनी काय बोलायचं? त्यांच्या मापाची बातमी द्या. कांदा काय भावाने घेतला, सोसायटीत लिफ्ट बंद पडली, मुलाचा दात पडला, पोहे केले पण उज्जैनची शेव संपली. शेव संपल्याचं सांगून बघा. कोणाच्या तरी हाती, बहुधा मुंबईला निघालेल्या अवंतिका एक्स्प्रेसने, पुडा येतो आणि तो पाठवण्याच्या खटपटीत त्यांचे दोन दिवस छान जातात. नातवंडांना फोन दिला की ती "हॅलो आजोबा" म्हणून पळतात; त्यांना एक प्रश्न शिकवून ठेवा. "आजोबा, गंभीरमध्ये आज किती?" हा प्रश्न आठ वर्षांचं पोरही विचारू शकतं, आणि आजोबा आकडा सांगण्यासाठी पेपर आधीच वाचून ठेवतील.

नोंद ठेवण्यासाठी डायरी घ्या असं मी सांगणार नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बाईची सुट्टी, रक्तदाब मोजला तो आकडा, हे सगळं तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहिण्याची सवय जुन्या माणसांना असतेच. महिनाअखेर त्या पानाचा फोटो मागवा. १४.२ किलोचा जो सिलिंडर एरवी दोन महिने जायचा तो चार महिने गेला असेल, तर घरात स्वयंपाक होत नाहीये. खाडे वाढले असतील तर चहा-दूध सुटलंय. अक्षर एकाएकी थरथरतं किंवा बारीक होत गेलेलं दिसलं तर डॉक्टरांना तेही दाखवा.

काही बदल मात्र फोनवरच ओळखता आले पाहिजेत. एकाच फोनमध्ये तीच बातमी पुन्हा पुन्हा नव्याने सांगणं, रोजच्या माणसांची नावं गळणं, विजेचं बिल दोनदा भरलं जाणं, पैशांचा हिशोब न लागणं. किंवा याच्या उलट, भरभरून बोलणारा माणूस आठवड्यामागून आठवडे "काही नाही, सगळं तसंच" एवढ्यावर थांबणं. वय झालं म्हणून चालायचंच, असं म्हणू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांनीही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर आधी याच तपासण्या सांगतील. एक-दोन दिवसांत अचानक बोलणं भरकटलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवी गोळी, काहीही असू शकतं. जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली तर मिनिटं मोजायची असतात, कारण पक्षाघातावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. अशा वेळी तुम्ही पुण्यातून १०८ फिरवाल तर तो महाराष्ट्रातल्या केंद्रावर लागेल. म्हणून उज्जैनमधल्या दोन शेजाऱ्यांचे, डॉक्टरांचे आणि जवळच्या रुग्णालयाचे नंबर तुमच्या फोनमध्ये आजच हवेत.

आणखी एक बातमी हल्ली घरोघर येते : "आज एक फोन आला होता." बँकेतून बोलतोय, वीज तोडतोय, पोलीस बोलतोय, तुम्हाला व्हिडिओ कॉलवर अटक केली आहे. ही बातमी ऐकताना स्वर सांभाळा. "तुम्ही उचललाच कशाला?" एवढं एक वाक्य पुढच्या वेळची बातमी बंद करतं, आणि भामट्याला नेमकं तेच हवं असतं की म्हाताऱ्याने घरात कुणाला सांगू नये. "बरं झालं सांगितलंत" असं म्हणा. मग शांतपणे सांगा की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवलं तितके पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

कागदपत्रांच्या बातम्या थोडक्यात. सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. केंद्राच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो होतो आणि पोस्टमनला घरी बोलावता येतं, त्यामुळे बँकेच्या रांगेत उभं राहिल्याची बातमी आली तर पुढच्या वर्षीची सोय करून टाका. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं उपचार संरक्षण आहे. कार्ड काढलंय का विचारा. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीची केवायसी राहिली आहे का तेही.

सध्या २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात कामं निघाली आहेत, रस्ते रुंद होताहेत, जुन्या वस्तीत घरांचे दर्शनी भाग मागे घ्यावे लागताहेत. "शेजाऱ्यांच्या ओट्यावर निशाणी मारून गेले" ही बातमी वडील सहज सांगतील, पण त्यांना रात्री झोप लागलेली नसते. "बघू पुढे" म्हणून ती सोडू नका. घराची रजिस्ट्री, नामांतरण, नगर निगमच्या संपत्ती कराच्या पावत्या, जुना नकाशा यांचे फोटो मागवून आपल्याकडे ठेवा. नोटीस आली तर तिची पहिली प्रत तुमच्याकडे यावी हे ठरवून घ्या. ज्या घरात आईबरोबर संसार केला त्या घराची भिंत जाणार असं वाटणाऱ्या माणसाशी त्या भिंतीबद्दल बोलावं लागतं, फक्त मोबदल्याबद्दल नाही.

वडीलधाऱ्यांनो, तुमच्यासाठीही दोन गोष्टी. पडलात तर त्याच दिवशी सांगा. "उगाच त्याला काळजी" म्हणून न्हाणीघरात घसरल्याचं महिनाभर लपवता, आणि मग एक दिवस खुब्याचं हाड मोडल्याचा फोन शेजाऱ्यांकडून जातो. पहिल्या घसरण्यात सांगितलं असतं तर भिंतीला धरायला दांडी बसली असती. पैसे कमी पडले, औषध परवडेना म्हणून एक दिवसाआड घेतलं, हेही सांगा. मुलाला ते ऐकायचा हक्क आहे. दुसरं, "अमक्याचा मुलगा इंदूरला बदली करून परत आला हो" ही बातमी जपून द्या. खरी असली तरी मुलाच्या कानाला ती टोचणी लागते, आणि पुढचे चार फोन छोटे होतात. तो यावा असं वाटत असेल तर सरळ "ये, आठवण येते" असं म्हणा. आपल्या पिढीला ते जड जातं, पण मुलगा त्याचीच वाट पाहत असतो.

बोलणं जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. माइकचं बटण दाबून धरायचं, एवढंच. सकाळी गच्चीवर बसून दोन मिनिटं बोला, मुलगा त्याच्या सवडीने ऐकेल. मुलांनी हे आवाज जपून ठेवावेत, फोन बदलताना आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

उज्जैनला जाल तेव्हा पहिल्या दिवशी बँक आणि बाजार काढू नका. वर्षभर ज्यांची नावं फोनवर ऐकलीत त्यांना भेटा. दूधवाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, कोठी रोडवर सकाळी वडिलांबरोबर फिरणारे काका, वरचे भाडेकरू. त्यांच्याशी वडिलांसमोर बोला, तुमचा नंबर द्या, त्यांचा घ्या. टाकी स्वतः चढून बघा, शिडीचे पाय हलतात का पाहा, गहू भरलेल्या कोठीचं झाकण त्यांना एका हाताने उचलतं का पाहा, नसेल तर त्याला कडी बसवायला सांगा. न्हाणीघरात दिवा लावून ओल्या फरशीवर पाय टेकवून बघा. परत आल्यावरच्या पहिल्या फोनमध्ये त्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करा, आणि कोठीच्या झाकणाला कडी बसली का तेही विचारा.